बंडकऱ्याची माफी: लियांगशान ते सह्याद्री



पत्रिकेत आजचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. जव्हारच्या व्याख्यानमालेत चिनी कादंबरीचं काय काम? काम आहे. तिकडे सहाशे वर्षांपूर्वी जी गोष्ट कागदावर उतरली, तीच पुढे आपल्या डोंगरांत घडली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा घडली. त्यांनी ती शेवटापर्यंत सांगितली. आपण ती निम्मीच सांगतो आणि थांबतो. कुठे थांबतो, का थांबतो, हे मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे.

कादंबरीचं नाव 'श्वेइ हू च्वान', म्हणजे पाणथळीच्या काठची कथा. शी नायआन या लेखकाच्या नावावर ती सांगतात, काही जण लुओ क्वानचोंगचंही नाव घेतात. तिचा खरा जन्म मात्र बाजारात झाला. चौकात बसून पैसे घेऊन गोष्टी सांगणारे कथेकरी होते, नाटकवाले होते. त्यांच्या तोंडी दोन-अडीचशे वर्षं घोळलेल्या गोष्टी कुणीतरी एकत्र गुंफल्या. आपल्याकडे बोहाड्यात एकेक सोंग येतं, आपापला प्रसंग करून जातं, आणि रात्र सरेपर्यंत सगळं मिळून एक मोठं आख्यान होतं. ही कादंबरीही तशीच आहे. एकेक वीर येतो, आपली कर्मकहाणी सांगतो आणि शेवटी लियांगशान नावाच्या डोंगरावर पोचतो. डोंगराभोवती अफाट दलदल आहे, लव्हाळी माजलेली आहेत, वाट फक्त माहितगारालाच सापडते. असे तिथे जमलेले वीर किती? छत्तीस आणि बहात्तर मिळून एकशे आठ. जपमाळेत मणी असतात तितके.

या एकशे आठांत मला सर्वांत जवळचा वाटतो लिन चोंग. त्याची कहाणी जरा सावकाश सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

लिन चोंग हा राजधानीतला शाही फौजेचा शस्त्रविद्येचा उस्ताद. सरळ माणूस. नोकरी चोख, घर सुखी. त्याच्या खात्याचा सर्वोच्च अधिकारी गाओ छ्यू. हा गाओ छ्यू मोठा कशाने झाला? लढाईने? विद्येने? नाही. तो चेंडू पायाने झेलण्यात पटाईत होता, ती कसरत एका राजपुत्राला आवडली, राजपुत्र पुढे सम्राट झाला आणि चेंडूवाला सेनापती झाला. या गाओ छ्यूचा दत्तक मुलगा एके दिवशी देवळात लिन चोंगच्या बायकोची वाट अडवतो. लिन चोंग धावत येतो, त्याचा खांदा धरून वळवतो, मूठ उगारतो आणि त्याला चेहरा दिसतो. साहेबाचा मुलगा! मूठ तशीच खाली येते.

श्रोतेहो, या कादंबरीत वाघ मारणारे वीर आहेत, मुळासकट झाड उपटणारे वीर आहेत. पण मला वाटतं, तिचं काळीज या खाली आलेल्या मुठीत आहे. ती मूठ का खाली आली, हे ज्याला कळलं त्याला बंड म्हणजे काय ते कळलं. कोणताही शहाणा माणूस हौसेने डोंगर चढत नाही. लिन चोंग तर गिळतो, पुन्हा गिळतो. त्याला खोट्या आरोपात अडकवतात. मित्र म्हणवणाराच फितूर असतो. चेहऱ्यावर कैद्याचा डाग देऊन त्याला दूरच्या छांगचौला पाठवतात. वाटेत जीव घ्यायचा म्हणून शिपायांना लाच दिलेली असते. त्यातून वाचतो तरी हा गडी शिक्षा निमूटपणे भोगायला तयार! सरकारी चाऱ्याच्या कोठाराची राखण करतो. एका रात्री बर्फ पडतं, त्याची खोपटी कोसळते, म्हणून तो जवळच्या देवळात झोपायला जातो. आणि बाहेरून आवाज येतात. तीन माणसं पेटलेल्या कोठाराकडे पाहत हसताहेत, तो आत जळून मेला असं त्यांना वाटतंय. त्यांतला एक त्याचा तोच मित्र. तेव्हा, आणि तेव्हाच, लिन चोंग भाला उचलतो. त्या रात्रीनंतर त्याला लियांगशानशिवाय जागा उरत नाही.

वाट बंद होत होत एकच उरते, आणि ती डोंगराकडे जाते. ही पहिली गोष्ट.

आता नायकाकडे येऊ. सोंग ज्यांग हा लढवय्या नाही. तो तालुक्याच्या कचेरीतला कारकून आहे. बुटका, काळासावळा. अडल्यानडल्याला पैसे देणारा, म्हणून लोकांनी त्याला नाव ठेवलं 'वेळेवर येणारा पाऊस'. या नावाची किंमत जव्हार-मोखाड्याच्या माणसाला वेगळी समजवायला नको. नाचणी-वरईची रोपं लावून आभाळाकडे बघत बसलेला माणूस ती जाणतो. हा कारकून परिस्थितीच्या रेट्याने बंडकऱ्यांचा मुखिया होतो आणि डोंगरावर झेंडा लावतो: आम्ही वरच्याच्या वतीने न्याय करतो. वरचा म्हणजे आकाश, देव म्हणा. सम्राटाविरुद्ध त्याचं काही नाही. त्याची तक्रार सम्राटाला घेरून बसलेल्या लाचखोरांविरुद्ध आहे. मनात एकच आस, की एक दिवस राजा ओळखेल, माफी देईल, आपल्या माणसांना मानाने घरी नेता येईल.

सोंग ज्यांग खरोखर होऊन गेला. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला सम्राट ह्वेइझोंगच्या काळात त्याच्या छत्तीस जणांच्या टोळीने सरकारी फौजांना दाद दिली नाही, अशी नोंद सोंग घराण्याच्या अधिकृत इतिहासात आहे. त्याच इतिहासात हौ मंग नावाच्या अधिकाऱ्याचा सल्लाही आहे. तो सम्राटाला सांगतो, हा माणूस असामान्य असला पाहिजे. त्याला पकडण्यापेक्षा माफी द्या आणि दक्षिणेत फांग ला नावाचा दुसरा बंडखोर माजला आहे त्याच्यावर धाडा. म्हणजे काय? एक बंड दुसऱ्या बंडावर घाला. राजाचं काहीच जात नाही. ११२१ साली सोंग ज्यांग शरण आला.

कादंबरीने हे सूत्र पुढे नेलं. माफी मिळते. एकशे आठ वीर डोंगर उतरतात, शाही निशाणाखाली उभे राहतात. त्यांना आधी परक्या लियाओ राज्यावर आणि मग फांग लावर पाठवलं जातं. कोण हा फांग ला? यांच्यासारखाच, राज्यकारभाराला विटून उठलेला. भाऊ म्हणावा असा माणूस. त्या मोहिमेत निम्म्याहून अधिक वीर पडतात. उरलेल्यांत कुणी भिक्षू होतो, कुणी रातोरात निघून जातो, कुणी जहाजात बसून परदेशी जातो. सोंग ज्यांगला मोठा हुद्दा मिळतो आणि हुद्द्यामागोमाग दरबारातून विषाची दारू येते. ती प्यायल्यावर त्याला कळतं की काय झालं. मग तो काय करतो? आपल्या सर्वांत तापट, सर्वांत निष्ठावान साथीदाराला, ली ख्वेइला बोलावून घेतो आणि तीच दारू त्यालाही पाजतो. का? आपण गेल्यावर हा पुन्हा बंड करील आणि आपल्या राजनिष्ठेला डाग लागेल म्हणून!

बंडकऱ्याच्या गोष्टीचा इतका कडू शेवट मी दुसरीकडे वाचलेला नाही. डोंगर कसा चढला हे सगळेच सांगतात. डोंगर कसा उतरला हे सांगायला धैर्य लागतं. ही माझी दुसरी गोष्ट, आणि खरं तर हाच माझा विषय.

चला आता आपल्या डोंगराकडे.

तुम्ही ज्या गावात बसला आहात ते गावच अशा एका गोष्टीने सुरू होतं. जयबा मुकणे हा महादेव कोळ्यांचा म्होरक्या. जुनं ठाणे गॅझेटियर त्याची दंतकथा देतं: बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, ती कबूल झाली, मग कातड्याच्या बारीक वाद्या कापून भला मोठा मुलूख वेढला. अशीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठी कार्थेजची राणी डायडो हिचीही सांगतात. बुद्धीने जमीन मिळवल्याची कथा माणसांना सगळीकडे आवडते. जयबाच्या मुलाला, निमशाहाला, दिल्लीच्या बादशहाने राजा म्हणून मान्यता दिली. त्या मान्यतेचा दिवस ५ जून १३४३. या दिवसापासून जव्हार संस्थानाने आपला स्वतंत्र शक चालवला, दप्तरात तो वापरला. विचार करा. डोंगरातला एक म्होरक्या आणि दिल्लीचा एक कागद, त्यांच्या भेटीपासून इथला काळ मोजला गेला. बादशहाचा शिक्का नसता तर निमशाहा कोण ठरला असता? इतिहासकाराच्या वहीत राजा आणि बंडखोर यांच्यात कित्येकदा एवढंच अंतर असतं.

हा मुलूखही तसाच आहे. पूर्वेला घाट चढला की त्र्यंबक, उत्तर-पूर्वेला हरसूल आणि पेठ, दक्षिणेला कसारा, आणि त्यापलीकडे कळसूबाई-रतनगडाच्या रांगा, राजूर, अकोले. इंग्रजी अमलात जव्हार संस्थानात, मोखाडा इंग्रजांच्या शहापूर तालुक्याचा पेटा, पेठ आणखी वेगळं संस्थान. एका नदीच्या दोन काठांवर दोन सरकारं. दलदल नव्हती, लव्हाळी नव्हती. पण कारवी होती, कडे होते, आणि वाट फक्त माहितगाराला सापडत होती. लियांगशान आणखी वेगळा काय असतो?

आता नावं घेतो. पहिलं नाव जावजी बांबळे. राजूरकडचा महादेव कोळ्यांचा नायक. पेशवाईत, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो डोंगरात गेला. वीसेक वर्षं पेशव्यांच्या सरदारांना त्याने हाती लागू दिलं नाही. पाठलाग फारच तिखट झाला तेव्हा नाशिकचे अंमलदार धोंडो गोपाळ यांनी मध्यस्थी केली. त्यांच्या सल्ल्याने जावजीने आपले किल्ले तुकोजी होळकरांच्या स्वाधीन केले आणि होळकरांच्या शब्दावर त्याला माफी मिळाली. नुसती माफी? साठ गावांचा बंदोबस्त त्याच्याकडे आला, आणि त्या मुलखातल्या बंडखोर कोळ्यांना जीवे मारण्याचा किंवा सोडण्याचा अधिकारही. बंडकऱ्याच्या हातात बंडकऱ्यांचे प्राण. पेशव्यांच्या दरबारात हौ मंगचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. तरीही सल्ला तोच निघाला.

दुसरं नाव भांगऱ्यांचं घराणं. १७९८ साली या घराण्यातले भाऊ उठले. पुढे रामजी भांगरे निघाला, तो आधीच्यांपेक्षा वरचढ. बळाने हाती येत नाही म्हणून त्यालाही माफी देऊन बंदोबस्ताची मोठी नोकरी दिली, आणि ती त्याने चांगली केली अशी नोंद आहे. मग १८१८ साली पेशवाई बुडाली. इंग्रजांनी किल्ल्यांवरची शिबंदी मोडली, नायकांचे पिढीजात हक्क कापले. ज्या हक्कांच्या मोबदल्यात डोंगर शांत होता, तेच गेले. १८२९-३० साली रामा किरवेच्या पुढाकाराने उठाव झाला आणि रामा किरवेला अहमदनगरला फाशी दिली.

तो उठाव मोडणारा अधिकारी कॅप्टन मॅकिंटॉश. याच मॅकिंटॉशने पुढे महादेव कोळ्यांवर सविस्तर ग्रंथवजा वृत्तांत लिहिला, गॅझेटियरवाल्यांनी तो वापरला, आणि आज आपण जे सांगतो त्यातलं पुष्कळ तिथून आलेलं आहे. मीही आत्ता तेच सांगितलं. सोंग ज्यांगची गोष्ट बाजारातल्या कथेकऱ्याने राखली. आपल्या नायकांची गोष्ट त्यांना पकडायला आलेल्या कप्तानाने राखली. त्यामुळे जावजीला माफी मिळाली हे आपल्याला माहीत आहे. पण माफी घेऊन तो पहिल्या रात्री घरी आला तेव्हा त्याची बायको काय म्हणाली, साथीदारांनी त्याच्याकडे कसं पाहिलं, हे कोणत्या कागदात शोधणार?

तिसरं नाव तुम्हा सर्वांच्या ओठांवर आहे. राघोजी भांगरे. रामजीचा मुलगा, अकोले तालुक्यातल्या देवगावचा. १८४४ पासून चार वर्षं त्याने आणि त्याचा भाऊ बापू याने नगर, नाशिक, पुणे, ठाणे या चारही जिल्ह्यांच्या पोलिसांची झोप उडवली. सावकारांच्या नाकाकानांवर सुरी चालली. पोलिसांनी त्याच्या आईचा छळ केला म्हणून तो पेटला, असं लोक सांगतात. लिन चोंगची बायको आणि राघोजीची आई! गोष्ट सांगणाऱ्यांना, चिनी असोत की सह्याद्रीतले, हे पक्कं ठाऊक असतं की माणूस स्वतःवरचा अपमान गिळतो, घरच्या बाईवरचा गिळत नाही. २ जानेवारी १८४८ रोजी राघोजी पंढरपुरात वारकऱ्याच्या वेषात असताना लेफ्टनंट गेलने त्याला पकडलं. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली.

राघोजीला माफीचा कागद मिळाला नाही. बापाला मिळाला होता, मुलाला नाही. म्हणून राघोजी आपल्याला नितळ दिसतो. त्याचे पुतळे झाले, जयंत्या होतात, मिरवणुका निघतात, आणि ते योग्यच आहे. त्याच्या फाशीची जागा पाहताना माझा गळा दाटून येतो, हे मी इथे लपवणार नाही. पण जावजी बांबळ्याची जयंती कुणी करतं का? रामजीची? आपण वीर निवडताना जो डोंगरावरच राहिला तोच निवडतो. जो उतरला त्याला वगळतो. आणि इथेच आपली गोष्ट निम्म्यावर थांबते.

ती थांबू नये म्हणून मी तुम्हाला राघोजीच्या फाशीनंतर साडेनऊ वर्षांनी काय झालं ते सांगतो. आजच्या भाषणातला सगळ्यात जड भाग हाच आहे, तेव्हा जरा शांतपणे ऐका.

साल १८५७. डिसेंबर महिना. उत्तरेतल्या उठावाच्या बातम्या घाटांतून खाली आलेल्या. इथून जवळच, हरसूलचा बाजार पेठ संस्थानातल्या कोळ्यांनी लुटला. त्र्यंबकला भिल्ल आणि ठाकर उठले. पेठच्या गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव यांनी हे घडवून आणलं असं ठरवून इंग्रजांनी त्यांना फाशी दिलं, त्यांच्याबरोबर आणखीही काही जणांना. ऑक्टोबरातच तिकडे सिन्नरच्या बाजूला नांदूरशिंगोट्याला भागोजी नायकाच्या भिल्लांनी पोलीस सुपरिंटेंडेंट हेन्रीला मारलं होतं. हा भागोजीही पूर्वी पोलिसांतलाच नोकर. डोंगर असा चहूबाजूंनी पेटलेला.

आणि अशा वेळी कॅप्टन नटॉल या अधिकाऱ्याने महादेव कोळ्यांची एक पलटण उभी केली. कोली कोअर असं तिचं नाव. डोंगर ज्यांना पाठ आहे अशी सहाशेच्या घरातली माणसं. तिचा म्होरक्या कोण नेमला? जावजी नायक बांबळे. ज्याला माफी मिळाली त्या जावजीच्याच कुळातला, त्याच नावाचा. आणि तिचा एक अंमलदार म्हणून कोण नेमला? राघोजी भांगऱ्याचा भाऊ.

पुन्हा सांगतो. राघोजी ज्या सरकारच्या फासावर गेला, त्याच सरकारच्या पलटणीत त्याचा सख्ख्या नात्यातला माणूस अंमलदार झाला. आणि ती पलटण कुणाच्या पाठीवर धाडली? भागोजी नायकाच्या. उठलेल्या डोंगरातल्या माणसांच्या. ११ नोव्हेंबर १८५९ ला मिठसागरजवळ साऊटर या इंग्रज अधिकाऱ्याच्या तुकडीने भागोजीला ठार केलं. मार्च १८६१ मध्ये काम संपलं म्हणून कोळ्यांची पलटण मोडली. कुणी पोलिसांत गेले, बाकीचे नांगराकडे परतले.

हे सोंग ज्यांगच आहे, दुसरं काय? लियांगशानचे वीर फांग लावर धाडले, राजूरचे कोळी भागोजीवर धाडले. फक्त विषाची दारू पाठवायची गरज पडली नाही. पलटण मोडली की झालं.

मग त्या भावाला आपण फितूर म्हणायचं का?

मी म्हणणार नाही. आणि तुम्हीही घाईने म्हणू नये अशी माझी विनंती आहे. दहा वर्षांपूर्वी घरातला कर्ता फासावर गेलेला. वतनं गेलेली, शिबंदी गेलेली, जंगलावर बंधनं यायला लागलेली. पोलिसांच्या नजरेत सगळं घराणं गुन्हेगार. अशा वेळी कुणी म्हणतो, तलवार उचल, पगार देतो, मान देतो, जुनं विसरतो. काय करावं त्याने? नाही म्हणून पुन्हा डोंगरात जावं, आणि पोराबाळांना गावात पोलिसांच्या हवाली करावं? त्याची मूठही लिन चोंगसारखी खाली आली असेल. त्या मुठीत भित्रेपणा किती आणि शहाणपण किती, हे दीडशे वर्षांनंतर पंख्याखाली बसून ठरवणारे आपण कोण?

पण फितूर म्हणू नये याचा अर्थ ती गोष्ट सांगूच नये असा होत नाही. सांगितलीच पाहिजे. चीनमध्ये याच प्रश्नावर केवढा वाद झाला ते पाहा. १६४१ साली चिन शंगथान नावाच्या टीकाकाराने या कादंबरीची नवी आवृत्ती काढली. त्याने सरळ कात्री लावली. एकशे आठ वीर डोंगरावर जमतात तिथे, सत्तरच्या आसपासच्या अध्यायावर, पुस्तक संपवलं. माफी नाही, फांग ला नाही, विष नाही. शेवटी एक स्वप्न जोडलं, त्यात सगळ्यांचा शिरच्छेद होतो. बंडखोरांना माफी मिळणंच त्याला मान्य नव्हतं. पुढच्याच वर्षी, १६४२ मध्ये, मिंग दरबाराने कादंबरीवर बंदी घातली. आणि तीनशे वर्षं बहुतेक चिनी वाचकांनी वाचली ती हीच कापलेली आवृत्ती. पर्ल बक यांनी १९३३ साली इंग्रजीत नेली तीही हीच. पुढे चिन शंगथान स्वतः १६६१ साली एका जुलमी अधिकाऱ्याविरुद्धच्या निदर्शनात सापडला आणि त्याचा शिरच्छेद झाला. बंडखोरांना क्षमा नको म्हणणारा माणूस सरकारच्या लेखी बंडखोर ठरून गेला. आणखी तीनशे वर्षांनी, १९७५ साली, माओंनी उलट बाजूने हल्ला चढवला. सोंग ज्यांग शरणागत आहे, त्याने भ्रष्ट अधिकाऱ्यांना विरोध केला पण सम्राटाला केला नाही, जनतेने या पुस्तकातून शरणागती ओळखायला शिकावं, अशी मोहीमच निघाली.

एकाला माफी नको, कारण बंडखोर मेलाच पाहिजे. दुसऱ्याला माफी नको, कारण बंडखोराने झुकताच कामा नये. दोघांनाही तो शेवटचा भाग सहन होत नाही. मला वाटतं, म्हणूनच तो भाग खरा आहे.

आपणही कात्री लावली आहे. राघोजीच्या फाशीवर पुस्तक बंद केलं. पुढचे अध्याय गॅझेटियरच्या इंग्रजी पानांत पडून आहेत.

आणखी एक कात्री आपण लावतो, तीही बोललो पाहिजे. कादंबरीत वू सोंग सूड घ्यायला एका वाड्यात शिरतो आणि शत्रूबरोबर निरपराध दासींनाही कापतो. ली ख्वेइ एका चार वर्षांच्या मुलाला मारतो, कशासाठी, तर त्याला सांभाळणाऱ्या माणसाने नाइलाजाने डोंगरावर यावं म्हणून. कथेकऱ्यांनी हे झाकलं नाही. आपल्या डोंगरातही बंडाच्या काळात गरीब पाडेच आधी भरडले गेले. टोळीला भाकरी द्यावी तर पोलीस मारणार, न द्यावी तर टोळी मारणार. ज्या गावकऱ्याने दोन्हीकडचा मार खाल्ला त्याचं नाव ना मॅकिंटॉशच्या वृत्तांतात आहे, ना आपल्या पोवाड्यात. बंडकऱ्याचा गौरव करताना या माणसाला विसरायचं असेल तर तो गौरव मला नको.

पुढचा काळ थोडक्यात सांगतो. पलटण मोडून बारा वर्षं होत नाहीत तोच पुणे जिल्ह्यातल्या जांबोरीचा होन्या केंगले १८७३ पासून सावकारांच्या मागे लागला. त्याच्यावर हजार रुपयांचं बक्षीस लागलं, १८७६ साली मेजर डॅनियलने त्याला पकडलं. मधल्या काळात, मे १८७५ मध्ये, सुपे गावापासून दख्खनचे दंगे पेटले. तिथे शेतकऱ्यांनी सावकारांची रोखेपत्रं जाळली. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जांसाठी कायदा करावा लागला. इथे एक फरक नोंदवून ठेवा. होन्याने सावकार माणूस म्हणून पकडला. सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकाराचा कागद पकडला.

आणि आता तो प्रसंग, जो आपल्याच जिल्ह्यातला आहे आणि ज्याच्यापाशी मला पोचायचं होतं.

१९४५ साल. डहाणू, तलासरी, उंबरगावचे वारली. वेठ, लग्नाच्या कर्जापोटी बांधले गेलेले लग्नगडी, जमीनदाराच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबणं. यांच्यातले काही जण जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेच्या परिषदेला जाऊन आले. २३ मे रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि त्यांनी ठरवलं, यापुढे वेठ करायची नाही. किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. गोदावरीबाईंनी तो सगळा काळ 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला आहे. शाळेतल्या मुलांनो, ते तुमच्या ग्रंथालयात नसेल तर मागून घ्या. हे लोण पुढच्या वर्षी जंगलकामाच्या मजुरीवरून इकडे जव्हार-मोखाड्याच्या जंगलांपर्यंतही आलं.

या वारल्यांनी डोंगर चढला नाही. हे लक्षात घ्या. त्यांच्याकडे जंगल होतं, वाटा ठाऊक होत्या, तीरकामठी होती. तरी ते डोंगरात शिरले नाहीत. ते आपापल्या पाड्यावरच राहिले, दिवसाढवळ्या, आणि कामावर गेले नाहीत. सरकारपुढे मोठा पेच पडला. जावजीच्या काळात धोंडो गोपाळांना माहीत होतं की कोणाशी बोलायचं. नटॉलला माहीत होतं की कोणाला अंमलदार करायचं. इथे कोणाला करणार? एक नायक असेल तर त्याला माफी देता येते, हुद्दा देता येतो, दुसऱ्यावर धाडता येतं. मैलोन्‌मैल पसरलेल्या पाड्यांतल्या प्रत्येक माणसाला माफी कशी देणार, आणि गुन्हा कोणता म्हणून देणार? कामावर गेला नाही, हा?

१० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला काय झालं ते पाहा. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, त्यांना वाचवायला या, अशी अफवा सोडली गेली. वारली काठ्या घेऊन हजारोंनी धावले. पोलिसांना दुसरीकडून सांगितलं गेलं की हे हल्ला करायला जमलेत. गोळीबार झाला. पाच जण पडले, त्यांत जेठ्या गांगड होता. ज्याने अफवा रचली त्याला जुनीच गोष्ट ठाऊक होती: डोकं कोण ते शोधा, त्याच्या नावाने सगळ्यांना एका जागी बोलवा. पण जेठ्या गांगड मुखिया नव्हता. तो गेला आणि वेठ पुन्हा सुरू झाली नाही. मग परुळेकरांना जिल्ह्याबाहेर काढलं, आणि तरीही वेठ पुन्हा सुरू झाली नाही.